जुनी कंबरदुखी आणि यवतेश्वरचा घाट: पळायचं की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, राहणार सातारा, नोकरी कराडला बँकेत. रोजची ये-जा मोटारसायकलवर, दोन्ही फेऱ्या मिळून शंभरेक किलोमीटर. ४ वर्षांपासून कंबर दुखते. २ वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्ये खालच्या दोन गाद्या झिजलेल्या आणि फुगलेल्या निघाल्या. आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर पळणं होतं, मंगळवार-गुरुवारी पाच-सहा आणि रविवारचा लाँग रन यवतेश्वरच्या घाटात. रविवारी संध्याकाळपासून कंबर भरून येते, सोमवारी बूट घालताना वाकवत नाही, बुधवारपर्यंत सगळं पूर्ववत. एकदाच कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीपर्यंत उतरली होती. घड्याळ मिनिटाला १५४ पावलं दाखवतं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पळणं कायमचं बंद. ग्रुपमधले म्हणतात, पळता पळताच जाईल. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय आणि आता जूनचा पहिला आठवडा आहे. पळू की नको? एमआरआय पुन्हा काढू का? पळताना पट्टा लावू का?

तुमच्या प्रश्नात एमआरआयच्या रिपोर्टला सगळ्यात जास्त जागा आहे. मला मात्र सगळ्यात कामाचे वाटले ते तीन शब्द: ‘बुधवारपर्यंत सगळं पूर्ववत’. गेली २४ वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यातली बरीचशी पळणाऱ्यांमध्येच गेली. मी स्वतःही पळते, माझी कंबरही दुखते. माझ्याकडे येणारा माणूस आधी पिशवीतून ती मोठी काळी फिल्म काढतो आणि उजेडासमोर धरतो. मी ती बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, ‘काल पळालात, मग आज सकाळी मोजे घालताना काय झालं?’ निम्मं निदान त्या उत्तरात असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पळणं बंद करू नका. रविवारचा घाट मात्र आजपासून बंद, निदान दीड महिना. हाफ मॅरेथॉनचा निर्णय आज घ्यायचाच नाही, तो ऑगस्टअखेर घ्यायचा. कसा, ते पुढे येईल.

पण त्याआधी एक चाळणी लावू. पुढचं काहीही तुम्हाला लागू होत असेल तर हे वाचणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला आहे, दोन्ही पायांतलं बळ कमी झालंय: यातलं काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात. चालताना एका पायातली चप्पल निसटते, टाचेवर उभं राहून चवडा उचलता येत नाही: हेही दोन दिवसांच्या आत दाखवायचं. कूस बदलली तरी रात्रभर न थांबणारं दुखणं, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि न सांगता उतरलेलं वजन असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरीही तपासणी आधी, पळणं नंतर.

आणखी एक दुखणं पळणाऱ्यांमध्ये हमखास निसटतं. चाळिशीच्या आत कधीतरी सुरू झालेलं, पहाटे तीन-चारला जाग आणणारं, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं ठेवणारं आणि पळायला लागलं की उलट बरं वाटणारं. पळून बरं वाटतं म्हणून माणूस पळत राहतो आणि सांध्यांच्या सुजेचा तो आजार वर्षानुवर्षं पकडला जात नाही. तुमचं सुरू झालं ३९व्या वर्षी, म्हणून मुद्दाम विचारते: तुमचं तसं आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही. तुमचं पळाल्यावर वाढतं, विश्रांतीने उतरतं. तरी पहाटे जाग येत असेल तर र्‍हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या डॉक्टरांना, एकदा दाखवा.

साताऱ्याचे आहात म्हणून जाता जाता एक. तुमच्या मैदानावर पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पळणारी पोरं असतीलच. सतरा-अठराच्या पोराची कंबर मागे झुकल्यावर एका बाजूला टोचत असेल तर ‘वयात आलाय, होतं’ म्हणून सोडू नका. त्या वयात मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर पडू शकते आणि तिला खरोखर विश्रांती लागते. तसंच एखादी सडपातळ मुलगी, पाळी काही महिने चुकलेली, कुल्ल्यात एकाच बाजूला दुखतंय आणि एका पायावर उडी मारवत नाही: तिथेही हाडाची चीर असू शकते. माझं या उत्तरातलं एकही वाक्य या दोघांसाठी नाही.

आता ती फिल्म. ‘गादी सरकली’ हा शब्द मला आवडत नाही. पलंगावरची गादी सरकते तसं तिथे काही सरकत नाही. मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या हाडाला पक्की चिकटलेली असते. ती फुगते, तिच्या कडेला चीर जाते, आतला मगज बाहेर डोकावतो, वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं. आणि हे सगळं न दुखणाऱ्या माणसातही होतं. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून ३ हजारांवर लोकांच्या मणक्यांची चित्रं तपासली गेली. या लोकांना कंबरदुखी नव्हती, हे महत्त्वाचं. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या आणि ६८ टक्क्यांच्या झिजलेल्या. तुमच्या बँकेतले चाळिशीचे दहा जण रांगेत उभे केले, ज्यांनी आयुष्यात कधी कंबर धरली नाही असे, तरी त्यातल्या पाचांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखंच वाक्य येईल. रिपोर्ट खोटा नसतो. तो तुमच्या दुखण्याचं कारण सांगतोच असं नाही, एवढंच. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखत नाही.

मग पळल्याने गादी झिजते का? माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला साधारण तेच शिकवलं होतं. पळताना जमिनीचा दणका वजनाच्या दोन ते तीन पट बसतो. दहा किलोमीटरला दहा हजारांच्या आसपास पावलं. गुणाकार केला की आकडाच माणसाला घाबरवतो. पण शरीर म्हणजे गाडीचं टायर नव्हे, त्यात पेशी आहेत आणि त्या भाराला प्रतिसाद देतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी किमान ५ वर्षं पळणाऱ्यांच्या गाद्या न पळणाऱ्यांशी ताडून पाहिल्या. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर पळणारे आणि ५०च्या वर पळणारे, दोन्ही गटांच्या गाद्यांत पाण्याचं प्रमाण जास्त निघालं. यावरून ‘पळा, गादी भरून येईल’ असं मी म्हणणार नाही. ज्यांची कंबर मुळात चांगली तेच ५ वर्षं पळत राहिले असतील, हाही अर्थ निघतो. पण पळणं म्हणजे गादीचा सत्यानाश, हे तरी त्यानंतर म्हणता येत नाही.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यास त्याहून ताजा आहे, २०२४ सालचा, तोही ऑस्ट्रेलियातलाच. जुनी कंबरदुखी असलेले १८ ते ४५ वयाचे ४० लोक घेतले. निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास पळणं-चालणं दिलं, हळूहळू पळण्याचा वाटा वाढवत. बाकीच्यांना काही दिलं नाही. पळणाऱ्या गटाची कंबरदुखी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. काहींचे पाय दुखावले, पण कंबर बिघडली असं झालं नाही. ग्रुपमधल्या मित्रांना हे वाचून दाखवाल तर ते म्हणतील, ‘बघ, आम्ही सांगत होतो!’ त्यांना पुढचंही वाचून दाखवा: अर्धा तास, मध्ये मध्ये चालत, हळूहळू वाढवत. दोन तास घाटात नव्हे.

म्हणजे तुमचे डॉक्टर आणि तुमचा ग्रुप, दोघेही ‘पळणं’ हा एकच शब्द वापरतायत आणि दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी गोष्ट आहे. मलाही हे उशिराच कळलं. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. रोज पहाटे टेकडीवर पाच किलोमीटर पळायचे. रिपोर्ट पाहून मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, आता पळणं विसरा, पोहायला जा. पोहायला ते गेले नाहीत. टेकडी घराजवळ होती, तलाव नव्हता. दीड वर्षाने ते पुन्हा आले. वजन ९ किलो वाढलेलं, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली, आणि कंबर? तशीच. सकाळी भेटणारे चार मित्रही सुटले होते. ते मला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून थांबलो.’ ते वाक्य अजून टोचतं. त्यानंतर ‘बंद’ हा शब्द मी फार जपून वापरायला लागले.

आता ठरवायचं कसं. एक वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलं तर ते तिथेच राहतं, वही उशाशी राहते. रोज तीन आकडे लिहायचे, शून्य ते दहात: पळताना कंबर किती दुखली, रात्री झोपताना किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना किती. पळताना तीनपर्यंत दुखलं तर हरकत नाही, जुन्या दुखण्यात शून्याची वाट पाहत बसलं तर कधीच निघता येणार नाही. खरा आकडा तिसरा. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा पळण्याआधीच्या सकाळइतकाच असेल तर कालचा रन तुमच्या कंबरेला पेलला. एकाने वाढला आणि संध्याकाळपर्यंत खाली आला तर आहे तेवढंच चालू ठेवा, वाढवू नका. दोनाने वाढला, किंवा तिसरा दिवस उजाडला तरी उतरला नाही, तर तो रन जास्त झाला. पळणं बंद करायचं नाही, तो रन पुन्हा त्याच मापाने करायचा नाही.

या मापाने तुमचा आठवडा पाहा. मंगळवार-गुरुवारच्या पाच-सहा किलोमीटरबद्दल तुम्ही एका शब्दाने तक्रार केलेली नाही. तक्रार आहे रविवारची, आणि ती बुधवारपर्यंत पुरते. म्हणजे तुमची कंबर पळण्याला नाही म्हणत नाहीये. ती एका विशिष्ट रनला नाही म्हणतेय आणि कोणत्या, तेही स्पष्ट सांगतेय.

आकड्यांइतकीच महत्त्वाची दुसरी खूण म्हणजे दुखणं कुठे चाललंय. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. त्यांचा एक रुग्ण, पायात कळ जाणारा, चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. पाठीत चांगलाच बाक आलेला. मॅकेन्झी आत येऊन पाहतात तर घाबरलेच. त्या काळी असा बाक वाईट समजत. रुग्ण मात्र म्हणाला, कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं, पायातली कळ गेली. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही आम्ही रोज वापरतो: पायातलं दुखणं वर सरकून कंबरेच्या मध्यावर गोळा झालं तर चांगलं, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कंबरेतलं दुखणं खाली कुल्ल्यात, मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर वाईट, मग ते कितीही सौम्य असो. तुम्ही लिहिलंत की एकदा उजव्या मांडीपर्यंत कळ उतरली होती. पळताना पुन्हा तसं झालं तर तिथल्या तिथे पळणं थांबवून चालत घरी. ‘एवढा एक किलोमीटर संपवतो’ नाही.

वहीत चौथा रकाना मोटारसायकलचा. तुम्ही आठवड्यात पळता साधारण तीन-साडेतीन तास. मोटारसायकलवर बसता पंधरा तासांच्या आसपास. वर बँकेची खुर्ची. कंबर दुखली की नाव कुणाचं? पळण्याचं. पाठीत पोक, दोन्ही हात पुढे, खालून इंजिनाची थरथर, आणि प्रत्येक खड्ड्याला सरळ मणक्यात जाणारा दणका. वाहनावर तासन्‌तास बसणाऱ्यांत कंबरदुखी जास्त असते, ही गोष्ट जुनी आहे आणि ट्रकचालकांना ती सांगावी लागत नाही. दोन आठवडे एसटीने जाऊन बघा. अर्धा वेळ उभं राहावं लागलं तर आणखी उत्तम, खरंच. दोन आठवड्यांत सकाळचा आकडा खाली आला तर तुम्हाला कळेल की इतके दिवस वेगळ्याच आरोपीला धरलं होतं. एसटी जमत नसेल तर वाटेत एकदा गाडी बाजूला लावा, उतरा, कंबरेवर हात ठेवून दहा वेळा मागे झुका, मग पुढे.

पहाटेचंही सांगायला हवं. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून टम्म होतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. उठल्यानंतरचा पहिला तास त्या फुगलेल्या गाद्यांना पुढे वाकणं सोसत नाही. आणि पळणारा माणूस त्या तासात काय करतो? पावणेपाचला उठतो, वाकून लेस बांधतो, मैदानावर जाऊन गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरतो, कमरेतून ‘कट’ असा आवाज आला की खूश होतो. काहीजण कंबरेसाठी म्हणून उठल्या उठल्या पंचवीस सूर्यनमस्कार घालतात. सूर्यनमस्काराशी माझं भांडण नाही, रथसप्तमीला मीही घालते. पण जुनी कंबर असेल तर ते संध्याकाळी घाला. सकाळी पाय पायरीवर ठेवून लेस बांधा, दहा मिनिटं भराभर चाला, मग पळा. वाकून ताणण्याची काहीही गरज नाही.

आता घाट. सातारा हिल हाफ २०१२पासून होते, हे तुम्हाला माहीतच आहे; शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. बहुतेकांना धास्ती असते चढाची. कंबरेला धोका उताराचा. चढताना वेग आपोआप कमी होतो, शरीर पुढे कलतं, पाऊल लहान पडतं, दणका कमी बसतो. दम लागतो, पोटऱ्या भरतात, कंबर सहसा तक्रार करत नाही. उतरताना नेमकं उलटं. घसरू नये म्हणून माणूस मागे झुकतो, पाऊल लांब टाकतो, टाच पुढे जाऊन आपटते. मणक्याच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे प्रत्येक पावलाला एकमेकांवर दाबले जातात. त्यात तोवर मांड्या थकलेल्या असतात, म्हणजे दणका झेलायला जी गादी हवी तीच उरलेली नसते (इथे ‘गादी’ म्हणजे स्नायू, पण शब्द चपखल आहे). आणि उतारावर घड्याळातला पेस छान दिसतो म्हणून कुणी हळू उतरत नाही.

माझ्या क्लिनिकबाहेर एक लांब व्हरांडा आहे. तिथे मी लोकांना पळायला लावते आणि स्वतः पाठ करून उभी राहते. डोळ्यांपेक्षा कान जास्त सांगतात. मागच्या वर्षी तुमच्याच वयाचे एक जण आले होते, त्यांचाही आकडा १५५च्या आसपास. जाताना आवाज धप-धप, धप-धप, आणि उजवा धप डाव्यापेक्षा जड. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, त्यांच्या पावलांपेक्षा किंचित जलद, आणि म्हटलं, वेग वाढवू नका, फक्त टाळीबरोबर पाऊल टाका. तिसऱ्या फेरीला आवाज निम्म्यावर आला. ते स्वतःच थांबून म्हणाले, ‘हे तर चोरपावलांनी चालल्यासारखं झालं.’ अगदी तसंच हवं. पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. कंबरेबाबत मी माझ्या अनुभवाने सांगते: ज्यांचं पाऊल लांब पडतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना याने फरक पडतो. तुमचे १५४ आहेत, ते १६२-१६५पर्यंत न्या. एकदम १८० नको. तो आकडा कुठल्या तरी व्हिडिओत ऐकून येणारे माझ्याकडे पोटरी धरून येतात.

तर पुढचे तीन महिने असे. पहिले तीन आठवडे घाट नाही. आठवड्यातून तीनदा शाहू स्टेडियमवर किंवा कुठल्याही सपाट रस्त्यावर, पस्तीस-चाळीस मिनिटं: चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. तुम्हाला हे अपमानास्पद वाटेल. ग्रुपमधला कुणीतरी ‘काय साहेब, मॉर्निंग वॉक?’ म्हणेलच. पण मधल्या त्या एका मिनिटात कंबरेचे स्नायू सैल होतात आणि पुढच्या चार मिनिटांचं पाऊल पुन्हा ताजं पडतं. सकाळचा आकडा स्थिर राहिला तर चौथ्या आठवड्यापासून चालणं कमी करत रविवारचं अंतर ६, ७, ८ असं वाढवा. जुलैअखेर सपाटीवर १० किलोमीटर जमले आणि सोमवारी मोजे घालताना आकडा वाढला नाही, तर घाटाचं दार उघडलं.

तेही अर्धंच. पहिले दोन रविवार फक्त चढायचं. पळत यवतेश्वरला जायचं आणि खाली येताना मित्राच्या गाडीवर मागे बसून यायचं. माझ्या सल्ल्यांपैकी सगळ्यात जास्त हसं याच सल्ल्याचं होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगही याचाच होतो. त्यानंतर उतार औषधासारखा मोजून घ्या: पहिल्यांदा एक किलोमीटर, पुढच्या वेळी दोन, लहान पावलं, मागे न झुकता, चोरपावलांनी. ऑगस्टअखेर सलग चार किलोमीटर उतरून सोमवारचा आकडा शांत राहिला तर स्पर्धेला उभे राहा, उतारावर दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालायचं ठरवून. नाही जमलं तर यंदा रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवा. स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे, घाट तर कुठेच जात नाही.

बळ वाढवणं याच्याबरोबरच चालायला हवं, आठवड्यातून दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. पळणाऱ्यांना हा भाग नको असतो. साताऱ्यासारख्या तालमीच्या मुलखात मला त्याचं नवल वाटतं. बस्क्या, पण सावकाश आणि कुल्ले मागे ढकलून. पायरीवर एका पायाने चढून सावकाश उतरणं, कारण उताराची खरी तालीम तीच. कुशीवर कोपर टेकून शरीर ताठ धरणं, प्रत्येक बाजूला २० सेकंदांपासून सुरुवात. हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवणं, मग उलट. एका पायावर टाचा उचलणं. आणि महिन्याभराने, जवळ बघणारं कुणी असेल तर, जमिनीवरून वजन उचलणं, दहा किलोपासून. वाकून वजन उचलायची भीती घालवण्यासारखं दुसरं औषध मी पाहिलेलं नाही. पोट सपाट दिसावं म्हणून घातलेल्या शंभर-शंभर सिट-अप्स तेवढ्या सोडा.

पळणं नसेल त्या दिवशी चाला. याला कमी लेखू नका. ऑस्ट्रेलियातच कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर एक चाचणी झाली, २०२४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आणि मार्गदर्शन मिळालं त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, ज्यांना नाही मिळालं त्यांचं ११२ दिवसांनी. दरवर्षी आषाढी झाली की माझ्याकडे दोन-तीन म्हाताऱ्या आजी येऊन सांगतात, ‘बाई, वारीत कंबर कुठं गेली कळलंच नाही, घरी आल्यावर धरली.’ पूर्वी मी हसायचे. आता विचारते, घरी आल्यावर किती वेळ बसून होता?

राहिले तुमचे शेवटचे दोन प्रश्न. एमआरआय पुन्हा काढू नका. दुखण्याचं वागणं बदललेलं नसताना काढलेल्या दुसऱ्या फिल्मने फक्त काळजीत भर पडते. दोन वर्षांत गादी थोडी आणखी झिजलेली दिसणारच आणि तुम्ही तो शब्द महिनाभर चघळणार. पायातलं बळ कमी झालं, बधिरपणा आला किंवा वर सांगितलेलं काही दिसलं तर गोष्ट वेगळी. ‘कायमचं बंद’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडेही परत जा, पण वही घेऊन. सहा आठवड्यांचे आकडे समोर ठेवले की ‘पळू का’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर बऱ्याचदा बदलतं. त्यांनाही त्या दिवशी फक्त फिल्मच दिसली होती.

पट्टा पळताना नको. उसण भरली, उठता-बसता येत नाही, अशा दोन-तीन दिवसांत तो आधार देतो, तेवढ्यापुरता ठीक. पट्टा लावून पळणारा माणूस पट्ट्याच्या भरवशावर जास्त पळतो आणि कंबरेचा इशारा त्याला उशिरा ऐकू येतो. आणि एसटीने जाणं जमणारच नसेल, तर डबा, लॅपटॉप, रेनकोट भरलेली सॅक मोटारसायकलवर पाठीला लावू नका. ती टाकीवर पुढे बांधा.